‘कमल’ चालते, ‘कमला’ चालत नाही : फॉर्म-पडताळणीचा काही महिन्यांचा अनुभव

फोंड्यातील आमच्या वाचनालयाची सभासद नोंदणी गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन झाली. त्यासाठी वार्षिक वर्गणी भरून एक तयार फॉर्म-सेवा घेतली होती. फॉर्म देखणा होता, फोनवर नीट दिसे, पैसे भरण्याची सोयही चोख होती. माझी तक्रार एकट्या नावाच्या रकान्याबद्दल आहे.

त्या रकान्यात आधी केवळ रोमन अक्षरे चालत. तक्रार केल्यावर बऱ्याच दिवसांनी ‘आता मराठी चालेल’ असे उत्तर आले. प्रत्यक्षात नियमात ‘अ’ ते ‘ह’ एवढाच पट्टा घातला होता. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात काना, वेलांटी, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण ‘ह’च्या पुढे येतात, तर अनुस्वार ‘अ’च्या आधी. परिणामी ‘कमल’ स्वीकारले जाई आणि ‘कमला’ लिहिताच ‘कृपया वैध नाव लिहा’ असा लाल शेरा उमटे. पार्वती, सुनीता, विठ्ठल सगळे अवैध. शरद तेवढा वैध. हे कळवले तेव्हा कॅशे (ब्राउझरने साठवलेली जुनी माहिती) पुसून पाहण्याचा सल्ला मिळाला. पुढे ‘युनिकोडमधील कोणतेही अक्षर’ असा नियम आला, पण युनिकोड काना-मात्रांना अक्षर न मानता चिन्हांच्या वेगळ्या वर्गात ठेवत असल्याने तोही तिथेच अडला. रोमन लिपीत डिसोझा लिहिणाऱ्यांची अडचण निराळी होती, कारण त्यांच्या आडनावातला अपॉस्ट्रॉफी काही फोन वळणदार उमटवतात आणि नियमाला तो सरळच हवा असे.

हे निर्बंध सुरक्षेसाठी आहेत, असा सेवेचा शेवटचा युक्तिवाद होता. तो मला मुळीच पटला नाही. डेटाबेसला घातक मजकुरापासून वाचवायचे असेल तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, मूल्ये आज्ञेपासून स्वतंत्रपणे पाठवावीत आणि पानावर दाखवताना मजकूर एस्केप करावा, म्हणजे त्यातली खास चिन्हे साध्या मजकुरासारखी दाखवावीत; त्यासाठी सभासदाचे नाव छाटण्याची गरज नसते. वर्गणी पुन्हा भरायची नाही, हे तेव्हाच ठरले.

मग फॉर्म स्वतः लिहिला आणि आरंभी झॉड ही जावास्क्रिप्टमधली लायब्ररी, म्हणजे माहिती तपासणारा तयार कोड, घेतली. सगळे नियम एका जागी राहतात, याचे मला इतके कौतुक वाटले की ओळखीच्या दोघातिघांना तिची शिफारसही केली. ती शिफारस आता मागे घेतो, निदान आमच्यासारख्यांपुरती. सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये असता तर तेच नियम ब्राउझरमधले पान आणि सर्व्हर अशा दोन्हीकडे वापरता आले असते. आमचा सर्व्हर पायथनमध्ये आहे, त्यामुळे प्रत्येक नियम दोनदा लिहावा लागला आणि दोन्हींत मतभेद होऊ लागले. एका सभासदाने पिनकोड देवनागरी अंकांत ‘४०३४०१’ असा लिहिला. अंकासाठीचा ‘बॅकस्लॅश डी’ हा संकेत जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो, तर पायथन 3 मध्ये देवनागरी अंकही त्यात बसतात. म्हणजे सर्व्हरला जे मान्य, ते पान अडवत होते. आता अंक आधी इंग्रजीत बदलून घेतो आणि मगच तपासतो.

सध्या लायब्ररी काढून ब्राउझरच्या अंगभूत पडताळणीवर आलो आहे. एचटीएमएल 5 चे ‘रिक्वायर्ड’ (रकाना भरलाच पाहिजे), ‘पॅटर्न’ (मजकुराचा साचा), ‘मिनलेंग्थ’ (किमान लांबी) हे नियम आमच्या कामाला पुरतात, फुकट आहेत आणि फोनला वेगळे काही उतरवावे लागत नाही. पान टाळून थेट सर्व्हरवर माहिती पाठवणे कोणालाही शक्य असल्याने तिथे सगळे पुन्हा तपासले जाते. अंतिम निर्णय सर्व्हरचाच. नावाला मात्र अक्षरांचा कोणताच नियम नाही. आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढल्यावर रकाना रिकामा नसावा आणि लांबी मर्यादेत असावी, एवढेच पाहिले जाते.

या पद्धतीतही खोट आहे. चूक दाखवणारे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात. मराठीसाठी ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ ही स्वतःचा संदेश देण्याची आज्ञा वापरावी लागते आणि रकाना दुरुस्त होताच तिला रिकामा मजकूर दिला नाही, तर बरोबर माहितीही अडकून राहते. शिवाय क्रोममध्ये संदेशाचा फुगा थोड्या वेळाने आपोआप मिटतो, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांचे वाचून होण्याआधीच तो गेलेला असतो. म्हणून संदेश रकान्याखाली कायम दिसतील अशी सोय आता करत आहे.