सुपरमॅसिव्ह: घंटा चालते, ढोल जपून

व्हल्हाला डीएसपी ही अमेरिकेतली कंपनी रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे, प्लगइन विकते. प्लगइन म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. त्यातला सुपरमॅसिव्ह मात्र २०२० पासून फुकट आहे. विंडोज आणि मॅकवर चालतो, लिनक्ससाठी नाही. अँबियंट, म्हणजे संथ, वातावरण उभं करणारं संगीत करायचं म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो: हा उतरवून घे, प्रीसेट (तयार मांडणी) लाव, झालं. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

प्रीसेट लावून एक सूर दाबला की जे काही पसरतं त्यावर पहिले दोन दिवस कोणीही खूश असतो. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं, की काहीही वाजवा, ऐकू येतं तेच: लांबलचक, धूसर, जरासं उदास. यात दोष प्लगइनचा नाही. खोलीचा किंवा सभागृहाचा घुमारा देणं हे त्याचं काम नव्हेच. आत बरेच डिले, म्हणजे आवाज थोड्या उशिराने परत देणारे भाग, आवाज एकमेकांकडे परत परत फिरवत राहतात, त्यामुळे एकदा आत गेलेलं लवकर बाहेर पडत नाही. म्हणून भाव ठरतो तो आत काय सोडलं आणि काय गाळलं यावर.

तीन गोष्टी समजल्या की बाकीचं सोपं आहे. डिले दोन सेकंदांपर्यंत जातो. वॉर्प शून्यावर असेल तर आतले सगळे डिले एकाच लांबीचे, म्हणून सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. वॉर्प वाढवला की लांब्या वेगळ्या होतात आणि प्रतिध्वनी विरघळून घुमारा होतो. राहिलेल्या फटी डेन्सिटी बुजवते. घुमाऱ्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांना, म्हणजे मोडना, तारकासमूहांची आणि दीर्घिकांची नावं दिली आहेत, त्यांवरून कप्पाळ कळत नाही. माउस वर नेला की खाली तो कसा वागणार ते लिहून येतं, ते वाचावं.

सुरुवातीला देवळातल्या घंटेइतकं चांगलं दुसरं काही नाही, आणि आमच्या नाशिकच्या पंचवटीत घंटांना तोटा नाही. फोन तीन-चार हात लांब धरायचा, रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट अजिबात नको. ती बोलण्यासाठी बनलेली असते. घंटेचा विरत जाणारा नाद तिला गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकते. आपल्याला हवा असतो नेमका तोच. शिवाय कॉम्प्रेशनची खरखर रिव्हर्बमध्ये दहा सेकंद लोंबकळत राहते.

या घंटेला सॅजिटेरियस मोड द्या. तो हळूहळू उठतो, त्यामुळे टोल्याचा ठणका जातो आणि मागचा नाद तेवढा पुढे येतो. डिले ४०० मिलिसेकंद, वॉर्प ४० टक्के, फीडबॅक (आवाज किती प्रमाणात परत आत फिरवायचा ते) ७०, डेन्सिटी पूर्ण. लो कट (याच्या खालचे सूर गाळतो) २५० हर्ट्झ, हाय कट (याच्या वरचे गाळतो) ४००० हर्ट्झ. घंटेचे वरचे स्वर एकमेकांशी सरळ हिशोबात नसतात. हाय कट उघडा ठेवला तर ते साठून दातात कळ यावी तसं होतं. कापला की संध्याकाळच्या आरतीनंतर घाटावर जी हुरहूर असते, तिच्या बरंच जवळ जाता येतं. मिक्स, म्हणजे घुमाऱ्याचं प्रमाण, १०० टक्के ठेवायचा आणि प्लगइन सेंडवर, म्हणजे मूळ ट्रॅकची प्रत जिथे पाठवतात त्या वेगळ्या वाटेवर, लावायचा. थेट ट्रॅकवर लावणार असाल तर ३५-४० पुरे.

तंबोऱ्याचं गणित उलटं. जवारीचा (तारेखालच्या घोडीमुळे येणारा) झणत्कार सगळा वरच्या पट्टीत असतो, म्हणून हाय कट ८००० हर्ट्झच्या खाली आणू नका. तंबोरा थांबतच नाही, त्यामुळे फीडबॅक ६० च्या वर गेला की आवाज आवाजावर चढत जातो आणि मीटर लाल होऊ शकतो. मॉड्युलेशनची डेप्थ दहाच्या आत. ती वाढवली की डिलेची लांबी हलते आणि तिच्याबरोबर सूरही. सिंथच्या पॅडवर हे छान वाटतं, पण सा डळमळला की ज्याच्या कानावर तंबोऱ्याचे संस्कार आहेत तो तिथेच हेडफोन काढून ठेवेल.

रागाचा प्रश्न यापुढचा, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं बिघडतं. शेपूट, म्हणजे सूर थांबल्यावर मागे उरणारा घुमारा, वीस सेकंदांची असेल तर तेवढ्या वेळात वाजलेले सगळे स्वर एकत्र ऐकू येणार. भूपात सा रे ग प ध, कुठल्याही दोन शेजाऱ्यांत एका स्वरापेक्षा कमी अंतर नाही. काहीही साठलं तरी कानाला टोचत नाही. यमन घेतलात की तीव्र म आणि प, नि आणि सा या जोड्या एकमेकांना घासतात आणि शांतपणाचं रूपांतर नकळत अस्वस्थतेत होतं. यमनच हवा असेल तर तीव्र म कोरडा वाजवा, सेंड फक्त ग आणि प वर उघडा. धास्ती हवी असेल तर मात्र हीच खोड कामाला येते: खर्जातला सा आणि भैरवाचा कोमल रे अँड्रोमेडा मोडमध्ये एकत्र सोडा, फीडबॅक ८५. दुसरं काही वाजवायची गरज पडणार नाही.

पावसाबद्दल गैरसमज फार. पत्र्यावरचा धो-धो पाऊस किंवा सोमेश्वरच्या धबधब्याचा आवाज रिव्हर्बमध्ये टाकून काही मिळत नाही. तो मुळातच फटी नसलेला गोंगाट. घुमवला तरी गोंगाटच राहतो, फक्त जास्त मळकट. पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात ना, त्या घ्या. टप... टप टप... टप. लायरा मोड, टेम्पो ६०, डिले डॉटेड आठव्या भागावर (पाऊण मात्रा) म्हणजे ७५० मिलिसेकंद, वॉर्प १० च्या आत, फीडबॅक ४५. लायरात प्रतिध्वनी विरळ असतात, त्यामुळे प्रत्येक थेंब सुटा राहतो. पागोळ्यांचा मूळ ट्रॅक कोरडा आणि हळू आवाजात चालू ठेवा. तो काढला की थेंब कशाचे तेच कळेनासं होतं.

आणि आता ढोल. नाशिकात राहून ढोल वापरायचा नाही हे कोणाला पटणार? पण पथकाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं आत टाकलं की शुद्ध चिखल होतो. पहिल्या ठोक्याची शेपूट संपायच्या आत पुढचे दहा ठोके आलेले असतात आणि घुमाऱ्याचा खालचा भाग फेऱ्या मारत साठतो. लो कट ३०० वर नेला तर चिखल जातो, पण मग उरते ती टिपरूची, म्हणजे ढोलाच्या काठीची, फटफट. एकच ठोका कापून घ्या. अँड्रोमेडा, मिक्स १००, लो कट ९०, हाय कट १२००. ठोका नाहीसा होतो आणि चार-पाच सेकंदांनी लांबवर, धरणापलीकडे कुठेतरी गडगडल्यासारखं उठतं. ढोल आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

उणिवा आहेत. मूळ आवाज चालू असताना घुमारा आपोआप दबण्याची सोय नाही. त्यासाठी सेंडवर वेगळा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) लावून साइडचेन करावी लागते, म्हणजे मूळ आवाजाच्या इशाऱ्यावर तो घुमारा दाबतो. स्वर गोठवायचं वेगळं बटण नाही. फीडबॅक १०० केला की नाद विरतच नाही, पण दरवाजा उघडाच असतो, नवीन येईल तेही त्यात अडकतं. म्हणून आधी सेंड बंद करायचा, मग फीडबॅक चढवायचा. मागे लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारा प्लगइन) हवाच, विशेषतः हेडफोनवर काम करत असाल तर. हाताबाहेर गेलं तर क्लिअरचं बटण आहे, दाबलं की आत साठलेलं सगळं पुसलं जातं.

फाइल काढताना एक घोळ हमखास होतो: शेवटचा सूर संपला की शेपूट तुटते. कारण सॉफ्टवेअर ट्रॅक संपतो तिथे थांबतं, प्लगइनच्या पोटात काय शिल्लक आहे ते त्याला दिसत नाही. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करताना (अंतिम फाइल बनवताना) टेलचा पर्याय निवडून ३०००० मिलिसेकंद घाला. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, ३.२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर ट्रॅकच्या शेवटी ३० सेकंदांची शांतता आधी जोडून घ्या, मग निर्यात करा.