बदकाच्या पिल्लांना ऊब: पिवळा बल्ब की इन्फ्रारेड दिवा?

भाच्याने डझनभर पिल्लं आणलीत, आता दिव्यावर अडलाय. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३२ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

विजेचा हिशेब सोपा आहे: १०० वॅटचा पिवळा बल्ब दिवसरात्र चालला तर २.४ युनिट, २५० वॅटचा इन्फ्रारेड (ऊब देणारा लाल दिवा) ६. (एलईडी इथे कुचकामी, तो फारशी ऊब देत नाही.)

खरी अडचण पाण्याची. बदकं पाणी उडवणारच, आणि तापलेल्या साध्या काचेवर थेंब पडला की ती तडकू शकते. इन्फ्रारेडची कडक काच जास्त टिकते, पण हा दिवा खाली अंथरलेल्या भुशावर पडला तर आगीचा धोका मोठा. साखळीने, निदान दीड फूट उंच टांगावा. पुठ्ठ्याचं खोकं तर नकोच. लाल प्रकाशात पिल्लं झोपतात मात्र छान.

दिवा कुठलाही असो, पिल्लं त्याखाली गठ्ठा करून ओरडली तर थंडी वाजतेय. कडेला पळून धापा टाकू लागली तर दिवा वर घ्या.

बंद खोलीत डझनभर पिल्लांना ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब लावा, एक गेला तरी दुसरा असतो. उघड्या पडवीत, थंडीत, पन्नासेक पिल्लं असतील तर इन्फ्रारेडच.