पिझ्झा स्टोन आठ महिने वापरल्यावर : दगड बरा आहे, पण घ्यायच्या आधी हे वाचा

स्टोन घेऊन आठ महिने झाले. मधले काही रविवार सोडले तर दर आठवड्याला तापलाय, म्हणजे अंदाजे तीस वेळा, आणि दरवेळी पाच पिझ्झे धरले तर दीडशेच्या आसपास पिझ्झे यावरून उतरलेत. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर एक. आता डोकं शांत झालंय म्हणून लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ओव्हनमध्ये तापवून त्यावर थेट पिझ्झा भाजायचा दगड. कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणारा, सिरॅमिकसारखा प्रकार) चौकोनी स्टोन, ३८ बाय ३० सेंटीमीटर, दीड सेंटीमीटर जाड, वजन साडेतीन किलोच्या आसपास. ओव्हन आमचा साधा इलेक्ट्रिक, काटा २५० अंशांच्या पुढे जात नाही. घरात माणसं पाच: मी, बायको, आई, तेरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा धाकटा. याआधी आम्ही ओव्हनसोबत आलेल्या पातळ ट्रेवर पिझ्झा करायचो, वरून चीज करपायला यायचं आणि खालून बेस पांढराफटक आणि ओला. धाकटा त्याला 'वरून पिझ्झा खालून ब्रेड' म्हणायचा. स्टोन घेतला तो फक्त या खालच्या बाजूसाठी.

आणि खालची बाजू सुधारते का? हो, सुधारते, पण सगळ्यात मोठी गोष्ट कोणी नीट सांगत नाही ती म्हणजे वेळ. ओव्हन टुंग करतो बारा मिनिटांनी, की झालो बाबा गरम. तो स्वतः झाला असेल, दगड नाही. पहिले तीन-चार रविवार आम्ही त्या टुंगवर विश्वास ठेवला आणि बेस जसाच्या तसा पांढरा, मी तर म्हटलं पैसे पाण्यात. मग बायकोने ते बंदुकीसारखं थर्मामीटर आणलं, लांबून लाल ठिपका मारला की आकडा दाखवतं ते. ओव्हनचा डिस्प्ले २५०, दगडावर ठिपका मारला तर १४०! अर्ध्या तासाने दोनशेच्या थोडं वर, आणि २५० च्या जवळ पोचायला पाऊण तास ते एक तास. तेव्हापासून नियम असा की पिझ्झा आठला खायचा तर ओव्हन सातला लागलाच पाहिजे, आणि तो लावायची जबाबदारी धाकट्याची आहे कारण घरात घड्याळाकडे बघणारा तो एकटाच. विजेचं बिल हा विषय मी इथे काढत नाही, घरातही काढत नाही.

अजून एक, अपेक्षा जमिनीवर ठेवा. इटलीतल्या नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंशांवर पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो, त्या काठावरचे काळे ठिपके, ती मऊ लवचिक कड २५० अंशांवर होणार नाही, कितीही भारी दगड आणा. आमचा एक पिझ्झा सात ते आठ मिनिटं घेतो, शेवटचं दीड मिनिट वरचा ग्रिल. तळ खरपूस, कड कुरकुरीत, वेगळ्या जातीचा पिझ्झा आहे हा आणि आम्हाला आवडतो.

आता पीठ. खरं महाभारत इथे. आईने आयुष्यभर पीठ हाताने मळलंय, अंदाजाने, आणि तिचं कधी चुकत नाही. लेक मात्र डिजिटल काटा घेऊन बसते: ७५० ग्रॅम मैदा, ४८० ग्रॅम पाणी, १५ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर तेल. यात २५० ग्रॅमचे पाच गोळे बरोबर निघतात. पहिल्यांदा हे पीठ हाताला चिकटलं तेव्हा आई म्हणाली, "अगं हे पीठ आहे का खळ? आण इकडे," आणि मूठभर मैदा त्यात गेला, मग अजून एक मूठ, आणि छान घट्ट गोळा झाला, दिसायला अगदी सुंदर. पिझ्झा झाला ढालीसारखा. लेक रागाने बोलेना, आई म्हणे बिघडलं काय, चावायला दात आहेत ना तुम्हाला.

मग आम्ही मधला रस्ता काढला. पाणी तेवढंच ठेवायचं, पण मळायचं नाही, नुसतं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्यात मैदा पाणी पितो आणि चिकटपणा आपोआप निम्मा होतो, मग ओल्या हाताने तीन-चार वेळा घडी घातली की पुरे. मग गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत घालून फ्रीजमध्ये दोन दिवस. शुक्रवारी रात्री पीठ, रविवारी पिझ्झा, आणि खायच्या दोन तास आधी गोळे बाहेर. थंडीत यीस्ट हळू काम करतं, त्यामुळे चव वाढते आणि रंगही चांगला येतो, त्याच दिवशी मळलेल्या पिठाचा पिझ्झा आता आम्हाला कागद चघळल्यासारखा लागतो. मैद्याच्या पाकिटावर प्रोटीन बघा, ११-१२ टक्के असेल तर पीठ ताणलं जातं, त्याहून बरंच कमी असेल तर मधे भोकं पडतात.

पण आईची बाजूही सांगायला हवी. एकदा गोळे बाहेर काढून आम्ही विसरलो, दिवस गरम होता, लेकीने टायमर बघून सांगितलं अजून चाळीस मिनिटं. आईने डब्याचं झाकण उघडून एका बोटाने गोळा दाबला आणि म्हणाली, "आत्ता घे नाहीतर गेलं हे." बोटाचा खड्डा वर येतच नव्हता, गोळा पसरून डब्याच्या भिंतींना लागला होता. आम्ही घाईघाईने लावले, ओव्हन पुरता तापला नव्हता तरी. पहिले तीन वाचले, शेवटचे दोन हातात घेतल्यावर फाटले. त्या दिवसापासून काटा लेकीचा, बोट आजीचं.

लाटणं वापरू नका. मला माहितीये हात शिवशिवतो, पण लाटलं की दोन दिवसांत जमलेली सगळी हवा बाहेर. बोटांनी मधून कडेकडे दाबत जायचं, कड सोडून. गोल होणार नाही. आमच्याकडे एकाचाही होत नाही, धाकट्याचा तर प्रत्येक वेळी कुठल्यातरी देशाचा नकाशा असतो आणि कुठला हे ओळखायची सक्ती असते.

पुढचा भाग, पिझ्झा फावड्यावरून दगडावर सरकवणं. त्याला पील म्हणतात, घरात फावडंच म्हणतात. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, हे वाचून मी हसलो होतो, मग स्वतः सरकवायला गेलो. दुसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी, सगळं घर मागे उभं, मी फावडं आत घातलं, झटका दिला, आणि टॉपिंग पुढे गेलं, बेस जागेवर. सॉस, चीज, कांदा सगळं तापलेल्या दगडावर, चर्र आवाज, आणि दोन सेकंदांत अख्खं स्वयंपाकघर धुराने भरलं. मी घाबरून अजून एक झटका दिला तर उरलेला बेस घडी होऊन त्याच्यावर जाऊन बसला. बायकोने न बोलता खिडक्या उघडल्या. आई म्हणाली, "असू दे रे, पोटात जाऊन एकच होणार," पण पोटात जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चूक काय होती ते नंतर कळलं: बेस फावड्यावर ठेवून धाकट्याला सजवायला दिला होता आणि त्याने निवांत दहा मिनिटं लावली, तेवढ्यात सॉसची ओल खाली उतरून पीठ लाकडाला चिकटलं. आता फावड्यावर थोडा रवा भुरभुरतो, बेस टाकला की दोन मिनिटांत सजवून मोकळं व्हायचं, आणि मधेमधे फावडं हलवून बघायचं की पिझ्झा सरकतोय ना. सरकत नसेल तर कड उचलून खाली रवा टाका, ओव्हनपाशी जाऊन नशीब आजमावू नका. पोरांसाठी सोपा उपाय बेकिंग पेपर. पेपरवर सजवायचं, पेपरसकट सरकवायचं, तीन मिनिटांनी बेस घट्ट झाला की पेपर ओढून काढायचा. फक्त पिझ्झ्याच्या बाहेर आलेला पेपर आधीच कापून टाका आणि पाकिटावर किती अंशांपर्यंत चालतो ते बघा, २५० ला बऱ्याच पेपरच्या कडा काळ्या पडतात आणि ग्रिलखाली तर तो अजिबात ठेवायचा नाही.

टॉपिंगबद्दल फार लिहीत नाही, ज्याची त्याची आवड. एवढंच की कमी घाला. दहा इंची पिझ्झ्याला सॉस तीन चमचे आणि चीज ७०-८० ग्रॅम, हे वाचायला कंजूषपणा वाटतो पण याच्यावर गेलात की मधे तळं. पाण्यातलं ताजं मोझरेला घेतलं तर फाडून तासभर चाळणीत निथळू द्या. आम्ही एकदा तसंच टाकलं आणि पिझ्झा चमच्याने खाल्ला. तयार किसलेलं चीज सोयीचं, पण मोकळं राहावं म्हणून त्याला स्टार्चसारखं काहीतरी लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही, लादी आणून किसा. सॉस शिजवत नाही आम्ही, डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ, लसूण, थोडं तेल, बास.

आणि अननस. लेकीला पाहिजेच, बायकोला नावही नको, "इटलीतल्या लोकांना झीट येईल" वगैरे. मग लेकीने शोधून सांगितलं की हवाईयन पिझ्झा मुळात कॅनडातला, १९६२ मध्ये सॅम पॅनोपुलस नावाच्या ग्रीक माणसाने आपल्या रेस्टॉरंटमध्ये डब्यातला अननस टाकून बघितला तिथून सुरू झालं. म्हणजे इटलीचा संबंधच नाही, मग त्यांना झीट यायचं कारण काय. बायको म्हणाली, मला येते ना. शेवटी प्रत्येकाला आपापला गोळा, आपापलं टॉपिंग, यावर तह झाला. अननसाचं पाणी मात्र पेपर नॅपकिनवर टिपून घ्यायचं, ही माझी अट.

आता खरी तक्रार, स्टोनची आणि एकंदर या प्रकाराचीच. एका वेळी एकच पिझ्झा. आठ मिनिटं भाजायला, मग दगड परत तापायला पाच-सहा मिनिटं (हे गाळलं की दुसऱ्यापासून खालची बाजू परत पांढरी), म्हणजे पाच जणांचं व्हायला तासाच्या वर. 'फॅमिली पिझ्झा नाईट' म्हटलं की डोळ्यासमोर सगळे एकत्र टेबलावर बसलेत असं चित्र येतं ना, तसं होत नाही. पहिला खाऊन टीव्ही लावून बसतो तेव्हा शेवटच्याचा सॉस लागत असतो, आणि शेवटचा म्हणजे करणारा. पहिले दोन महिने मी दर रविवारी सव्वानऊला ओट्याशी उभा राहून एकटा खाल्लाय. एकदा चिडलो पण, खरं सांगतो. मग ठरलं की टेबलाची भानगडच नको, पिझ्झा बाहेर आला की कापायचा आणि तिथेच उभ्याउभ्या पाच तुकडे, कोणाचाही असो, मग पुढचा. तह मोडला तो इथेच, बायको आता अननसाचा तुकडा खाते, बाजूला काढून का होईना. आणि ओव्हनपाशी उभं राहायची पाळी आळीपाळीने मोठ्या तिघांत. धाकट्याला तापलेल्या ओव्हनच्या दाराजवळ येऊ देत नाही. बंद केल्यावरही दगड तास-दीड तास चटका बसेल इतका गरम असतो, आणि गरम आहे हे दिसत नाही.

टिकाऊपणा: आमचा फुटलाय. चूक माझीच. त्या धुराच्या प्रसंगानंतर डाग बघवेना म्हणून मी साबण लावून घासला, आणि दुसऱ्याच दिवशी थेट तापत्या ओव्हनमध्ये ठेवला. दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो, आतल्या पाण्याची वाफ झाली की जाणार कुठे. वीस मिनिटांनी टक्क असा आवाज आला, मोठा नाही, पेन्सिल मोडल्यासारखा. उघडून बघतो तर आडवी चीर, दोन तुकडे. सोबतच्या कागदावर हे स्पष्ट लिहिलं होतं, कागद मी नंतर वाचला. तेव्हापासून दोन तुकडे एकमेकांना टेकवून ठेवतो आणि सहा महिने तसाच चालवतोय, चिरेत चीज गळतं आणि जळतं, बाकी पिझ्झ्याला काही फरक पडलेला नाही. साफ करायचं म्हणजे पूर्ण गार झाल्यावर खरवडायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. काळे डाग राहतात. राहू द्या. आणि गार दगड तापलेल्या ओव्हनमध्ये कधीच नको, ओव्हनसोबतच तापवायचा.

घ्यावा का? महिन्यातून एकदा पिझ्झा करत असाल तर नको. जाड बुडाचा लोखंडी तवा गॅसवर कडक तापवून त्यात बेस टाका आणि वरून ग्रिल करा, काम होतं. दर आठवड्याला करणार असाल, ओव्हन २५० पर्यंत जात असेल आणि घरात एक तरी माणूस वेळेवर ओव्हन लावणारा असेल तर घ्या. मी चार स्टार देतोय, एक कापला तो माझ्या साबणासाठी नाही, त्या तासभर तापण्यासाठी.

मागच्या रविवारी घरात स्टीलची प्लेट घ्यायची का यावर मतदान झालं. स्टील उष्णता दगडापेक्षा कितीतरी जोरात पिठाला देतं, पिझ्झा लवकर होतो आणि फुटायचा प्रश्न नाही, पण याच मापाची ६ मिलीमीटर जाडीची प्लेट साडेपाच किलोच्या आसपास जाते. लेक हो म्हणाली. धाकटा हो, कारण जड काहीही त्याला आवडतं. बायको नको, उचलून ठेवणार कोण म्हणून. आई म्हणाली, याचे चार तुकडे होऊ देत मग बघू. माझं मत राहिलं, मी तेव्हा चौथा पिझ्झा फिरवत होतो.