१६०० वॉट मॅक्स की ७५ × ४ आरएमएस? कारचा अ‍ॅम्प निवडताना

समजा दोन फोर चॅनल अ‍ॅम्प (चार स्पीकर वेगवेगळे चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर) समोर आहेत. पहिल्याच्या खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरात १६०० वॉट मॅक्स, दुसऱ्याच्या खोक्यावर शोधावं लागेल एवढ्या बारीक अक्षरात ७५ वॉट × ४ आरएमएस, ४ ओहम (स्पीकरचा रोध), १४.४ व्होल्ट, १ टक्का टीएचडी (आवाज किती फाटतो त्याचं माप, म्हणजे डिस्टॉर्शन). हात पहिल्याकडेच जातो. माझा पण गेला होता, आणि गाडीत बसवल्यावर यातले १६०० वॉट गेले कुठं हे शोधण्यात बरेच दिवस गेले, म्हणून हे लिहितोय.

आरएमएस म्हणजे अ‍ॅम्प सलग देऊ शकतो ती पॉवर (खरं तर आरएमएस व्होल्टेजचा असतो, वॉटचा नाही, पण आता सगळेच तसं म्हणतात तर असू दे). साइन वेव्हला (स्वच्छ गोलसर लाटेला) पीक, म्हणजे लाटेच्या टोकाची पॉवर बरोब्बर त्याच्या दुप्पट येते, म्हणजे दुसऱ्या खोक्यावरसुद्धा ६०० वॉट पीक छापता आलं असतं आणि ते खोटं ठरलं नसतं. मॅक्सला मात्र कसली व्याख्याच नाही, कंपनीच्या मनाला येईल तो आकडा.

याचं सगळ्यात भारी उदाहरण तुमच्या डॅशबोर्डमधेच असतं. स्टिरिओवर ५० वॉट × ४ लिहिलेलं असतं ना, ते येतं कुठून बघा: १४.४ चा वर्ग करा, ४ ओहमने भागा, ५१.८४ येतात. पण एवढी पॉवर मिळवायची तर आवाजाची लाट पूर्ण चौकोनी करावी लागेल, म्हणजे ऐकवणार नाही इतकं फाटलेलं. स्वच्छ साइन वेव्हला त्याच्या निम्मे, आतला लॉस गेला की चॅनलमागे साधारण १८ ते २२ वॉट हातात. वेगळ्या अ‍ॅम्पमधे बॅटरीचं व्होल्टेज आतल्या आत वाढवणारा पॉवर सप्लाय असतो म्हणून तो याच्या पुढे जाऊ शकतो, आणि अ‍ॅम्प घ्यायचं मुख्य कारण तेच.

आता त्या १६०० वाल्याचं पितळ उघडं पाडायचं तर फ्यूज बघा. त्याच्यावर ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे आणि तो क्लास एबी (जास्त तापणारा जुना प्रकार) आहे असं धरू. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॉट, बॅटरीकडून सलग एवढंच आत येणार. क्लास एबी पूर्ण जोरात चालला तरी त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त स्पीकरला देतो, बाकीची उष्णता. म्हणजे २४० च्या आसपास, चॅनलमागे ६०. त्यात आतल्या कागदावर २ ओहम आणि १० टक्के टीएचडी असं लिहिलेलं सापडलं तर हे ६० पण २ ओहमचे, ४ ओहमच्या साध्या डोअर स्पीकरला ३५-४० धरा. दुसऱ्यावर २५ चे दोन फ्यूज आहेत आणि तो क्लास डी (कमी वाया घालवणारा प्रकार) आहे, ७२० वॉट आत, ८० टक्क्यांनी ५७६ बाहेर, त्याने फक्त ३०० चा दावा केलाय. हिशोब बसतो. फ्यूजचं गणित काही तंतोतंत नसतं, क्षणभर तो जास्त करंट सोडतो, पण थाप पकडायला पुरतं.

सिग्नल टू नॉइज रेशोमधे (गाण्यापेक्षा अ‍ॅम्पची खरखर किती खाली आहे तो आकडा, जास्त तेवढा चांगला) उलटं फसायला होतं. पहिल्यावर १०० डीबी, दुसऱ्यावर ८२, मग पहिला चांगला? तर दुसऱ्याने तो १ वॉटला मोजलाय. सीटीए-२००६ नावाचं स्टँडर्ड आहे (२००३ मधे आलं तेव्हा सीईए-२००६ म्हणायचे), त्यात पॉवर १४.४ व्होल्ट, ४ ओहम, जास्तीत जास्त १ टक्का डिस्टॉर्शनला मोजायची आणि नॉइज १ वॉटच्या तुलनेत सांगायचा असतो. फुल पॉवरला मोजलं तर ७५ वॉटवाल्याचे अजून जवळपास १९ डीबी वाढतात, ८२ चे १०१ होतात. त्यामुळे कशाच्या तुलनेत ते लिहिलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. डॅम्पिंग फॅक्टरचं (अ‍ॅम्पची स्पीकरच्या हालचालीवरची पकड) पण फार मनावर घेऊ नका, स्पीकरच्या वायरीचा रेझिस्टन्सच त्यातलं बरंचसं खातो.

मग घ्यायचा कुठला? आवाज किती वाढेल यावर ठरवणार असाल तर फरक ऐकून नवल वाटेल, पॉवर दुप्पट झाली की ३ डीबी वाढतात, दुप्पट मोठा आवाज वाटायला दहापट लागते. म्हणजे ४० विरुद्ध ७५ हा फरक जेमतेम ३ डीबीचा, तेवढा ८७ डीबीच्या जागी ९० डीबी सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच पॉवरला जास्त आवाज देणारे) स्पीकर घेऊनही मिळतो. फरक पडतो तो जोरात वाजवताना, कारण लहान अ‍ॅम्प आधी क्लिप होतो (लाटेची टोकं कापतो) आणि क्लिप झालेली लाट चौकोनाकडे जाते, स्पीकरच्या कॉइलला मग नेहमीपेक्षा जास्त पॉवर सलग झेलावी लागते आणि ती जळते.

स्पीकर ४० वॉट आरएमएसच्या आसपासचे असतील, सबवूफर (फक्त खोल बेसचा स्पीकर) लावायचाच नसेल आणि पहिला बराच स्वस्त मिळत असेल तर घ्या, पण ४० × ४ चा अ‍ॅम्प म्हणून त्याची किंमत करा. पुढेमागे मागचे दोन चॅनल ब्रिज करून (एकत्र जोडून एकच मोठा चॅनल करून) सब वाजवायचाय तर दुसराच, फक्त ब्रिज केल्यावर ४ ओहमचा सब प्रत्येक चॅनलला २ ओहमसारखा दिसतो, म्हणून अ‍ॅम्प २ ओहमला स्टेबल आहे का (न बिघडता चालतो का) ते आधी वाचा. क्लास डी फक्त सबलाच चालतो हे जुनं झालं, आता फुल रेंजवाले पण छान वाजतात आणि सीटखाली कमी तापतात.

आणि कुठलाही घेतला तरी गेनचं (स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा त्याचं) बटण व्हॉल्यूम समजून शेवटपर्यंत फिरवू नका, स्टिरिओच्या आउटपुट व्होल्टेजला जुळेल इतकंच.