लॉनमधला लव्हाळा आणि अर्ध्या ग्रॅमचं औषध

वावरात हरळी दिसली की आमच्याकडे माणूस कपाळाला हात लावतो. तीच हरळी माझ्या मुलानं पैसे मोजून घरासमोर आणून लावली. जात म्हणे 'सिलेक्शन वन'. मातीसकट गवताचे चौकोनी तुकडे गाडीतून उतरताना पाहून सासूबाईंनी एवढंच विचारलं, "हे विकत भेटते?"

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं, काळी जमीन. लॉन वीस बाय तीस फुटाचं, म्हणजे सहाशे चौरस फूट. त्याच्या पलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून भाऊजींची पराटी, म्हणजे कपाशी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या पराटीशी झाला.

जूनमध्ये लॉन लागलं आणि पंधरा दिवसांत त्यातून लव्हाळा उभा राहिला. काही त्या तुकड्यांच्या मातीतूनच आला असणार, काही आमच्या अर्धकच्च्या शेणखतातून. बाकीच्या तणांचं मला काही वाटलं नाही. तरोटा आणि घोळ तर उपटून थेट भाजीत जायची. दुधी, म्हणजे तोडली की चीक येणारं ते तण, हातानं निघते. लव्हाळा मात्र उपटला की वरची पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. खुरप्यानं खोल गेलं तर काळ्या दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठींमागून गाठी. एक सुटली तरी आठवड्यानं पुन्हा हिरवं टोक वर. दिवाळीत उटण्यासाठी हाच नागरमोथा आपण पुडी बांधून विकत आणतो, हे आठवून जास्तच राग यायचा. बाया लावाव्या तर निंदणाचा हंगाम. "वावर सोडून तुमच्या अंगणातलं गवत कोण निंदन?" असं मला तोंडावर ऐकवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मग कृषी केंद्रात गेली. दुकानदारानं काही न विचारता टू-फोर-डी हे तणनाशक काढून दिलं. "गवताला काही होत नाही, बाकी सगळं जाते." गवताला खरंच काही झालं नाही. दुधी, घोळ, तरोटा दोन-तीन दिवसांत पिळवटून आडवे झाले. सासूबाई सवयीनं त्यातलीच घोळ खुडायला बसल्या होत्या, मी हातातून हिसकून घेतली. लव्हाळा थोडा पिवळा पडला आणि पोळ्यापर्यंत पुन्हा ताठ. हे औषध रुंद पानाच्या तणाचं आहे. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो ना गवत ना रुंद पानाचा. मोथ्याचं कूळच वेगळं. ते दुकानात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खरी चूक मात्र माझी. पंप भाऊजींचा आणला होता. दोनदा पाण्यानं विसळून परत दिला. चार दिवसांनी त्यांनी त्याच पंपानं पराटीवर किडीचं औषध मारलं. आठवडाभरानं नवीन पानं अरुंद, बोटं फुटल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी यायला लागली. आधी वाटलं रोग आहे. कृषी सहायक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन चकरा मारून आले आणि त्यांनी पानाकडे बोट न दाखवता भाऊजींना विचारलं, "पंप कोणाकोणाच्या हातात गेला होता?" पंप पहिल्यांदा भरून मारला त्या ओळी सगळ्यात खराब, दुसऱ्यांदा भरला त्या कमी, पुढच्या जवळपास चांगल्या. टू-फोर-डीचा पंपात राहिलेला अंशही कपाशीला पुरतो. भाऊजी काही बोलले नाही. घरी येऊन फक्त म्हणाले, "वहिनी, विचारून तर घ्यायचं होतं."

आता ज्या औषधासाठी हे लिहायला बसली ते. हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, लव्हाळ्यावरचं तणनाशक. कंपनी कोणतीही घ्या, पुडीच्या मागे हे नाव वाचा. लेबलवर ऊस आहे, लॉन नाही. मी आपल्या जबाबदारीवर वापरलं. एकराला ३६ ग्रॅमची पुडी. माझं लॉन एकराचा बहात्तरावा भाग, म्हणजे लागतं अर्धा ग्रॅम! हे मोजायचं कशावर? चमच्यानं अंदाजे घ्यायची गोष्ट नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी सोनाराकडे गेली. काय आहे ते खरं सांगितलं, तर त्यानं बंद पुडी आधी तोलली, मग मी बाहेर ओट्यावर हातमोजे घालून थोडं काढून दुसऱ्या पुडीत घेतलं आणि ती तोलली. तीन वेळा आत-बाहेर केलं तेव्हा अर्धा ग्रॅम जमला. ताटली त्यानं दोनदा पुसली.

यावेळी उलंगवाडी, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी, होऊन वावर रिकामं होईपर्यंत थांबली. एप्रिलची सकाळ, वारा नाही. स्वतःचा दोन लिटरचा हातपंप घेतला, त्यावर लाल रंगानं 'तण' लिहिलं. अर्धा ग्रॅम औषध दोन लिटर पाण्यात, त्यात औषध पानाला चिकटावं म्हणून थोडं स्टिकर. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस गवत कापलं नाही. तोंडाला फडकं, हातात मोजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरी यात हयगय नाही.

पहिले पाच-सहा दिवस काहीच झालं नाही. मला वाटलं पैसे गेले. दहाव्या दिवशी लव्हाळ्याचं मधलं पान पिवळं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पात तपकिरी होऊन बसली. हरळी दोन आठवडे जराशी फिकट दिसली, मग पूर्ववत. दीड महिन्यानं काही गाठींतून पुन्हा टोकं आली, त्यावर एकदा पुन्हा मारलं. आधी एका विताच्या चौकोनात वीस-पंचवीस काड्या मोजल्या होत्या. आता अख्ख्या लॉनमध्ये चाळीसेक असतील, त्या खुरप्यानं काढते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा पुडीच्या मापासाठी कापला, कारण घरच्या लॉनसाठी कोणी लहान पुडी काढत नाही. एक तारा यासाठी, की एका फवारणीत काम होत नाही. दुधी-घोळ भरपूर आणि लव्हाळा नावालाच असेल तर हे घेऊच नका, खुरपं पुरतं. कोणी ग्लायफोसेट सुचवलं तर तेही नको, ते हरळीसकट सगळं जाळतं.

माझ्याकडे अजून पस्तीस ग्रॅम उरलं आहे, कुलुपाच्या पेटीत. ऊसवाला कोणी जवळपास असेल तर सांगा.