‘टिश्यू कल्चर’ म्हणून विकलेली अरोकेरियाची आडवी रोपं

आपल्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने मिळणारं अरोकेरिया ‘टिश्यू कल्चरचं’ म्हणून कुणी देत असेल, तर आधी रोप नीट बघा, मग पैसे काढा. लोणावळ्याकडच्या एका बंगला-प्रकल्पाला रस्त्याच्या दुतर्फा लावायला अशी 200 रोपं विकली गेली. दर बियांच्या रोपाच्या दुपटीहून जास्त. सांगितलं असं की 40 वर्षांच्या निवडक झाडाचं टिश्यू कल्चर आहे, म्हणजे त्या झाडाच्या बारीक तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आहेत, सगळी एकसारखी सरळसोट वाढतील. रोपं हिरवीगार, दीड फुटाची. कुणाला शंका आली नाही. दोन पावसाळे गेले तरी एकाही रोपाने वर डोकं काढलं नाही, सगळी जमिनीलगत पसरली. बांबू रोवून सुतळीने बांधली, पण गाठीच्या वर फुटलेली नवी वाढ परत आडवीच.

ती बाजूच्या फांद्यांची फाटे कलमं होती, म्हणजे फांद्या कापून रुजवलेली. अरोकेरियाच्या आडव्या फांदीला मुळं फुटतात, पण ती फांदीसारखीच वाढत राहते. टेकू, खत, छाटणी कशानेही तिचा शेंडा होत नाही. उभं झाड हवं तर बी हवं किंवा उभ्या शेंड्याचं कलम हवं. एका झाडाला शेंडा एकच. तो छाटला की खोडावरून नवे उभे फुटवे येतात, तेही मोजकेच आणि सावकाश. बाजूच्या फांद्या मात्र एकाच झाडावर ढीगभर मिळतात. बीही फार काळ टिकत नाही, त्यामुळे बियांच्या रोपांचा तुटवडा असतो. या लबाडीचा सगळा नफा इथे आहे.

‘40 वर्षांच्या झाडाचं टिश्यू कल्चर’ हे ऐकलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास जुन्या सागाचं टिश्यू कल्चर झालं, म्हणून लोकांना हे सहज पटतं. पण अरोकेरियासारखी सूचिपर्णी झाडं जून झाली की प्रयोगशाळेत फार अडून बसतात. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन किंवा अमेरिकेचा लोब्लॉली पाइन ज्या पद्धतीने वाढवतात, तिची सुरुवात कोवळ्या शंकूतल्या अर्धकच्च्या बियांपासून होते. बियातला भ्रूण 2,4-डी आणि बेंझिल अ‍ॅडेनिन ही वाढ-संप्रेरकं घातलेल्या पोषक माध्यमावर ठेवला की पांढरट, चिकट पुंजका वाढतो. पुढे अ‍ॅब्सिसिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकावर त्याचे भ्रूण पक्व होतात आणि मग रुजवतात. म्हणजे प्रत ज्याची निघते ते बी असतं, आई-झाड नव्हे. ते बी कसं निघेल हे शेतात लावल्यावरच कळतं, म्हणून तोवर पुंजक्याचा नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर जपून ठेवतात. एवढा खटाटोप करणारा बॅच क्रमांक आणि प्रयोगशाळेचं नाव न विचारता देईल.

रोप हातात घेऊन वरून बघा. उभ्या वाढीच्या रोपात मधल्या खोडाभोवती फांद्यांचा घेर चारी बाजूंना फिरतो. फांदीच्या कलमात उपफांद्या दोनच बाजूंना, पंख्यासारख्या चपट्या असतात. विक्रेत्याने काठीला बांधून उभं केलं असलं तरी हे लपत नाही. काठी असेल तर ती सोडायला लावा. मग एक-दोन पिशव्या फाडून कोकोपीट झटका. बुंध्याशी छाटणीचा सपाट काप आणि त्याच्या कडेने फुटलेली मुळं दिसली, तर ते कलम आहे, टिश्यू कल्चर नव्हे. (कुक पाइन नावाची अरोकेरियाची जात बियांची असली तरी थोडी कलते, पण तिचा घेर पूर्ण असतो, तिला यात धरू नका.)

या व्यवहारात बिलावर फक्त ‘शोभेची रोपे’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून भांडायला कागदच उरला नाही. बिलावर जात, ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द, प्रयोगशाळा आणि बॅच लिहून घ्या, उतरवतानाच रोपांचे वरून फोटो काढा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि अरोकेरियाची फसवणूक उघडी पडायलाच जवळपास तेवढा काळ जातो. म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर नवा घेर फुटला नाही, की लगेच लेखी कळवा.