पाटी एकाची, सही दुसऱ्याची

भाड्याने दिलेल्या घरांच्या कटकटीला वैतागलेल्या अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना ‘ट्रिपल नेट’वालं दुकान घ्या, अशी गळ ब्रोकर घालतात. भाडेकरू नावाजलेला, लीज 15 वर्षांचं. प्रॉपर्टी टॅक्स, विमा, देखभाल सगळं त्याच्याकडे. आम्हीही भाड्याने दिलेलं घर विकून असं दुकान घेतलं. करकायद्याच्या कलम 1031 खाली कॅपिटल गेन्स टॅक्स (विक्रीतल्या नफ्यावरचा कर) पुढे ढकलायचा तर घर विकल्यापासून 45 दिवसांत नवी मालमत्ता नक्की करावी लागते. ब्रोकरला ती तारीख तोंडपाठ होती. पूर्ण लीज त्याने हातात दिलं ते अगदी मुदत संपता संपता.

जाहिरातीवर मोठा लोगो आणि ‘कॉर्पोरेट गॅरंटी’, म्हणजे भाड्याची हमी मूळ कंपनीची. गॅरंटीच्या पानावर सही मात्र फ्रँचायझीवाल्याच्या एलएलसीची, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या वेगळ्या कंपनीची. नाव मूळ कंपनीसारखंच, फक्त शेवटचा शब्द वेगळा. तिच्या मालकीचं म्हणाल तर रॅक आणि बिलिंगची मशिनं.

पण खरी मेख भाड्यात होती. डेव्हलपरने दुकान सजवायला भाडेकरूला घसघशीत रक्कम दिली होती आणि ती वाढीव भाड्यातून फिरवून घेतली होती. अशा दुकानाची किंमत भाड्यावरूनच ठरते. वर्षाला 1,20,000 डॉलर भाडं आणि 6 टक्के कॅप रेट (किमतीच्या किती टक्के भाडं वर्षाला मिळतं तो दर) धरला, की किंमत 20 लाख डॉलर. त्या रस्त्यावर खरं भाडं 70,000. रिकाम्या दुकानाला 8 टक्क्यांनी हिशेब लावा: पावणेनऊ लाख. भिंती त्याच.

एलएलसीने चॅप्टर 11 खाली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लीज झटकलं. कायद्याने तसं करता येतं. उरलेल्या सगळ्या वर्षांचं भाडं मागताही येत नाही: एक वर्षाचं, किंवा उरलेल्या मुदतीच्या 15 टक्के (तेही तीन वर्षांपर्यंतच), यांतलं जास्त असेल तेवढाच दावा, आणि तोही ज्यांच्या येण्याला तारण नाही अशांच्या रांगेत. टॅक्स आणि विमा आमच्या गळ्यात. छपराची जबाबदारी तर लीजमध्ये आधीपासूनच मालकाकडे होती, ‘अ‍ॅब्सोल्यूट नेट’ (सगळा खर्च भाडेकरूचा) म्हणून विकलं असूनही.

खरी कॉर्पोरेट गॅरंटी असती तरी निर्धास्त राहता आलं असतं असं नाही. राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, 2025 मध्ये पुन्हा, आणि शेवटी सगळी दुकानं बंद केली.

असं काही घेणार असाल तर भाडेकरूची त्या दुकानातली विक्री किती ते लेखी मागा. आणि ज्याला या सौद्यात कमिशन नाही अशा स्थानिक ब्रोकरला विचारा, ‘उद्या हे रिकामं झालं तर भाडं किती येईल?’

आमच्या ब्रोकरला जाब विचारला. त्याने जाहिरातीच्या तळाची बारीक अक्षरं दाखवली: वरील माहितीच्या अचूकतेची आम्ही हमी देत नाही.